गाद्या कोण उचलणार?

इंटिरिअर डिझाइनची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन करतोय, असं कुणी म्हटलं की दोन ठरलेले आवाज उठतात. एक म्हणतो, "प्लायला हात न लावता इंटिरिअर शिकणार? उद्या पोहायलाही मोबाइलवर शिकाल!" दुसरा म्हणतो, "हल्ली सगळं सॉफ्टवेअरमध्येच तर असतं. वर्गात बसून केलं काय आणि घरी बसून केलं काय." पहिल्याला वाटतं, कॉलेजच्या फाटकातून आत शिरलं की लाकूड, दगड, कापड आपोआप हाताशी येतं. दुसऱ्याला वाटतं, खोलीचं चित्र म्हणजेच खोली. दोघंही चुकतात आणि गंमत अशी की एकाच जागी चुकतात. विद्यार्थी कुठे बसला होता यावर तासन् तास भांडण चालतं. त्याला काय करायला लावलं होतं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. या विषयातली ऑनलाइन पदव्युत्तर पदवी पुष्कळ जणांसाठी घेण्यासारखी आहे, पण एका अटीवर. तिच्यातला निदान निम्मा गृहपाठ कॉम्प्युटरच्या पडद्यापासून लांब, एखाद्या खऱ्या जागेत, हातापायांनी करायचा असला पाहिजे आणि तो तपासणारं जाणतं माणूस पलीकडे असलं पाहिजे. हे नसेल तर तिला रेंडरिंगचा, म्हणजे खोलीची फोटोसारखी चित्रं कॉम्प्युटरवर बनवण्याचा, क्लास म्हणावं, पदवी म्हणू नये. हीच अट मी कॅम्पसवरच्या पदवीलाही लावते, आणि तिथेही बऱ्याच जणांची पंचाईत होईल.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की पडदा फसवतो. तो मला मान्य आहे, कारण मी स्वतः फसलेली आहे. एका कामात भिंतीचा राखाडी आणि सोफ्याच्या कापडाचा राखाडी मी जुळवला होता. पडद्यावर जुळला. ऑफिसच्या दिव्याखाली रंगाचं कार्ड आणि कापडाचा नमुना शेजारी धरले, तरी जुळला. साइटवर दुपारी चारच्या सुमारास खिडकीतून ऊन आलं आणि कापड शेवाळल्यासारखं हिरवट दिसू लागलं, भिंत मात्र राखाडीच राहिली. याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन पृष्ठभाग प्रकाशातले वेगवेगळे घटक परावर्तित करत असूनही एका दिव्याखाली सारखे दिसतात, दिवा बदलला की फारकत होते. पडदा तर प्रत्येक रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून बनवतो. कापड उन्हात काय करेल, हे तो दाखवणार कसं? हीच गत दाराच्या वजनाची, हँडलच्या थंडपणाची, रिकाम्या खोलीतल्या घुमण्याची. ६०० मिलिमीटर ही ड्रॉइंगवर एक संख्या असते. त्या ६००मधून हातात बादली घेऊन जायचं असतं तेव्हा ती कोपरांना कळते.

हे सगळं खरं. पण त्यावरून 'म्हणून कॅम्पसच हवा' या निष्कर्षावर उडी मारता येते का?

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत उघडली. वास्तुकार होते रिचर्ड मॉरिस हंट, पॅरिसच्या एकोल दे बोझार्मध्ये शिकलेले पहिले अमेरिकन. त्या काळात याहून मानाचं वास्तुशिक्षण नव्हतं. आणि या इमारतीतलं व्याख्यानाचं सभागृह कसं निघालं? तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वक्ता पुढचं वाक्य संपवत आला तरी आधीच्या वाक्याची शेपटी हवेत असायची. श्रोत्यांना काही म्हणजे काही कळेना. विद्यापीठाने हे लचांड वॉलेस सेबिन नावाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात मारलं. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती आणि ध्वनिशास्त्रातलं काही खास नावही नव्हतं. त्यांनी काय करावं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, सगळं शांत झाल्यावर. सभागृहात काही गाद्या ठेवायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी गाद्या, पुन्हा नळी, पुन्हा घड्याळ. सकाळपर्यंत गाद्या परत जागेवर. या हमालीतून खोलीचं आकारमान, तिच्यातला ध्वनिशोषक माल आणि घुमण्याचा काळ यांचा संबंध सांगणारं सूत्र निघालं, जे आजही प्रत्येक इंटिरिअर डिझायनरला शिकावं लागतं. १९०० साली उघडलेल्या बोस्टन सिम्फनी हॉलच्या आखणीत त्यांचा सल्ला घेतला गेला, आणि त्या सभागृहाची कीर्ती सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, सेबिन तर कॅम्पसवरच होते! होते ना. पण त्यांना लागलं काय? एक खोली, मऊ सामान, आवाज करणारं काहीतरी आणि घड्याळ. यातलं काय आज घरात मिळत नाही? रिकाम्या खोलीत टाळी वाजवून फोनवर ध्वनिमुद्रण करा. मग तिथे गादी, पडदे, पांघरुणं आणून टाका आणि पुन्हा टाळी वाजवा. दोन्ही ध्वनिमुद्रणांचे आलेख शेजारी ठेवून फरक का पडला ते दोन पानांत लिहा. हा गृहपाठ दूरवर बसलेला शिक्षक सहज देऊ शकतो. आणि कॅम्पसवरचा शिक्षक तो न देता फळ्यावर सूत्र लिहून मोकळा होऊ शकतो, होतोच. कॉलेजच्या मटेरियल लायब्ररीचं, म्हणजे लाकूड-दगड-कापडाच्या नमुन्यांच्या दालनाचं, कौतुक करणाऱ्यांनी एकदा आठवून पाहावं, शेवटच्या सेमिस्टरला आपण तिथे किती वेळा गेलो होतो. बहुतेक स्टुडिओंमध्ये मुलं कानात हेडफोन घालून, घरी वापरतात तेच सॉफ्टवेअर उघडून बसलेली असतात, फक्त खुर्ची कॉलेजची असते.

दुरून शिकवण्याची गोष्ट इंटरनेटपेक्षा खूप जुनी आहे आणि तिच्यावरचे आक्षेपही जुनेच आहेत. इंग्लंडमध्ये १८४० साली टपाल स्वस्त झाल्याबरोबर आयझॅक पिटमन यांनी लघुलेखन टपालाने शिकवायला घेतलं. धडा जायचा, विद्यार्थ्याने लिहिलेलं परत यायचं, त्यावर दुरुस्ती होऊन ते पुन्हा त्याच्याकडे जायचं. यातला जीव कशात होता? धडे तर छापून कुणीही विकलं असतं. जीव होता दुरुस्तीत. पुढे १८५८मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा, तुम्ही कुठे शिकलात याची विचारपूस न करता, खुल्या केल्या. आणि १९७१मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी शिकू लागले तेव्हा विज्ञानाच्या लोकांनी विचारलंच: प्रयोगशाळेचं काय? विद्यापीठाने प्रयोगाचं सामान खोक्यात भरून घरोघर पाठवलं, त्यात छोटा सूक्ष्मदर्शकसुद्धा, आणि उन्हाळ्यात आठवडाभर विद्यार्थ्यांना कॅम्पसवर बोलावलं. रसायनशास्त्राची पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडू शकते, तर लॅमिनेट, व्हिनियर, दगड आणि कापडाच्या नमुन्यांची पेटी का नाही? ती पाठवायला खर्च येतो, एवढंच त्याचं उत्तर आहे. संस्था ती पाठवत नसेल तर दोष तिच्या हिशेबाचा आहे, माध्यमाचा नाही.

जुन्या स्टुडिओच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी त्याच्या दाराबाहेर कोण उभं होतं हेही सांगावं. त्याच एकोल दे बोझार्ने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८९७ साली. १९१९मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेने समानतेची घोषणा केली, आणि मग आलेल्या मुलींपैकी बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेत धाडलं. आज दार बंद नसतं, पण दोन वर्षं नोकरी सोडून, मूल कुणाकडे तरी ठेवून, दुसऱ्या शहरात राहायला जा, हीही एक भिंतच आहे. पस्तिशीतली बाई किंवा व्हीलचेअरवरचा माणूस ऑनलाइन शिकायला येतो तेव्हा तो आळशी असतो म्हणून येतो का? उलट, दीड मीटरचं वळण नसलेल्या टॉयलेटमध्ये व्हीलचेअर कशी अडकते, हे त्याच्याइतकं वर्गातल्या कुणाला कळणार आहे?

या वादात एकलव्याला हमखास ओढलं जातं, म्हणून त्याच्याबद्दल एवढंच: समोर पुतळा असला तरी त्याच्या हातात धनुष्य खरं होतं. मला त्यापेक्षा जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. १९४१ साली ओसाकात जन्मलेले आंदो काही काळ मुष्टियोद्धे होते. वास्तुकलेची पदवी त्यांच्याकडे नाही. त्यांनी रात्रीच्या वर्गात ड्रॉइंग गिरवलं आणि इंटिरिअर डिझाइन शिकले ते पत्रद्वारा. १९६९मध्ये स्वतःचं ऑफिस थाटलं, १९९५मध्ये वास्तुकलेतलं मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. ऑनलाइनवाले हे उदाहरण विजयध्वजासारखं फडकवतात, पण अर्धंच सांगतात. टपालाने आलेल्या धड्यांवर आंदो थांबले नाहीत. ते प्रवासाला निघाले आणि ला कॉर्ब्युझिए, मीस, राइट, कान या थोर वास्तुकारांच्या इमारती पायी हिंडून पाहिल्या. (ला कॉर्ब्युझिएवर जीव इतका की पुढे पाळलेल्या कुत्र्याला त्यांनी तेच नाव दिलं.) भिंतीत कापलेल्या क्रुसातून उजेड आत घेणारं १९८९चं त्यांचं चर्च ऑफ द लाइट पाहिलं की कळतं, हा माणूस अंधाऱ्या खोल्यांमध्ये पुष्कळ उभा राहिलेला आहे. धडे टपालाने आले असतील, पण पाय त्यांचेच झिजले.

म्हणूनच 'सगळं सॉफ्टवेअरमध्येच असतं' म्हणणाऱ्यांचा मला पहिल्या गटापेक्षा जास्त राग येतो. ते ज्याची वकिली करतात त्याचंच नुकसान करतात. आता म्हणे व्हीआर हेडसेट लावला की प्रत्यक्ष जागेची गरजच उरत नाही. हेडसेटमध्ये अंतरं आहेत त्यापेक्षा कमी भासतात, हे संशोधकांना वारंवार आढळलेलं आहे. शिवाय त्यातल्या भिंतीला टेकता येत नाही आणि त्यातल्या खुर्चीवर बसलं तर माणूस आपटतो. कित्येक ऑनलाइन अभ्यासक्रम याच समजुतीवर दुकान चालवतात: कधीकाळी चित्रित केलेली व्याख्यानं, सॉफ्टवेअरचे धडे, आणि तीन आठवडे जागून केलेल्या शीटवर 'छान प्रयत्न' अशी दोन शब्दांची पोच. पिटमन यांच्या टपालातही याहून जास्त दुरुस्ती होती. अशा पदव्यांबद्दल विरोधक जे बोलतात ते सगळं मला मंजूर आहे. २०२०मध्ये रातोरात व्हिडिओ कॉलवर हलवलेल्या सेमिस्टरवरून मात्र दूरशिक्षणाची पारख करू नये. पूर आल्यावर शाळेच्या व्हरांड्यात मांडलेल्या संसारावरून कुणी गृहिणीचं कसब ठरवतं का?

यापुढचा आक्षेप गंभीर आहे. इंटिरिअर म्हणजे उशा आणि पडदे नव्हेत, त्यात माणसं मरू शकतात. १९४२ साली बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली. मुख्य दार फिरतं होतं, ते माणसांच्या लोंढ्याने अडकलं. इतर दारं कुलूपबंद किंवा आत उघडणारी. सजावट भराभर पेटणारी. ४९२ माणसं गेली. साठ वर्षांनंतर, २००३मध्ये, ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये आवाज अडवायला लावलेल्या फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि १०० जणांचा बळी गेला. मग अशी जबाबदारी घरबसल्या पदवी घेतलेल्याच्या हाती द्यायची?

प्रश्न रास्त आहे, पण नीट पाहिलं तर तो कॅम्पसलाही तेवढाच लागू होतो. दार कुठे उघडावं, वाट किती रुंद हवी, कुठला माल कुठल्या दर्जाचा अग्निरोधक हवा, हे वाचून, मोजून, परीक्षा देऊन शिकायचं ज्ञान आहे. फिरत्या दारात अडकून कुणी ते शिकत नाही. उत्तर अमेरिकेत इंटिरिअर डिझायनरांसाठी एनसीआयडीक्यू ही व्यावसायिक परीक्षा आहे. तिचे तीन भाग आहेत, आणि ती पूर्ण करायला पदवीधरालासुद्धा ३,५२० तास प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. आठवड्याला ४० तास धरले तर ८८ आठवडे झाले. चार वर्षं कॅम्पसवर काढलेल्या मुलालाही यातून सूट नाही. म्हणजे निव्वळ पदवीवर भरवसा या व्यवसायाने कधी ठेवलेलाच नाही, मग ती कुठल्याही मार्गाने आलेली असो.

इथे एक बारकी गोष्ट प्रवेश घेणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही आणि माहितीपत्रकं ती मुद्दाम धूसर ठेवतात. 'पदव्युत्तर' या एकाच शब्दाखाली दोन वेगळी जनावरं फिरतात. एक, दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला शून्यापासून डिझायनर बनवणारा अभ्यासक्रम. दुसरा, आधीच डिझायनर असलेल्याला पुढचं शिकवणारा. अमेरिकेतल्या सीआयडीएसारखी, इंटिरिअर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था पहिल्या प्रकाराची तपासणी करते. दुसरा तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे 'मान्यता आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर कधी ती धोक्याची घंटा असते आणि कधी साधी वस्तुस्थिती. माझा सल्ला विचाराल तर, दिवसा एखाद्या डिझाइन ऑफिसात काम करणाऱ्याने ऑनलाइन पदव्युत्तर पदवी बेलाशक करावी. त्याची साइट हीच त्याची प्रयोगशाळा आहे. सकाळी सुताराने ऐकवलेलं संध्याकाळी शिक्षकाला विचारता येतं, ही चैन कॅम्पसवरच्या मुलाला कुठली? पण ज्याने आजवर वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे कारागिराला द्यायचं मापांसकट ड्रॉइंग, पाहिलेलं नाही, साइटवर पाऊल ठेवलेलं नाही, त्याने केवळ पडद्यावरच्या पदवीच्या नादी लागू नये. नमुन्यांची पेटी, अधूनमधून प्रत्यक्ष बोलावणं आणि राहत्या गावात एखाद्या ऑफिसात उमेदवारी, या तिन्हीची सोय असेल तरच.

काम खरंच त्याच विद्यार्थ्याने केलं कशावरून, हा आक्षेप मी लवकर सोडते. शीट दुसऱ्याकडून करून घेणारे कॅम्पसवरही आहेत. समोर बसवून चार उलटसुलट प्रश्न विचारले की दहा मिनिटांत उजेड पडतो, आणि तसं व्हिडिओवरही बसवता येतं.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे प्रतिवाद नाही. स्टुडिओत शिक्षक शेजारच्या टेबलावरच्या मुलाला झापत असतो आणि आपण मान खाली घालून ऐकत असतो. आपली चूक आपल्याला दाखवायच्या आत, त्याच्या चुकीवरून आपण गुपचूप खोडरबर उचलतो. रात्री दोनला कुणीतरी मॉडेल तोडून पुन्हा जोडत असतं, तिच्याकडे पाहून आपल्यालाही आपलं पुन्हा तपासावंसं वाटतं. हे फुकटचं, कानावर पडून होणारं शिक्षण ऑनलाइनमध्ये पुरतं उभं करता येत नाही. सगळ्यांच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याला, सगळ्यांनी हजर राहायची सक्ती केली, सहा-सात जणांचे छोटे गट केले, तर थोडंफार परत मिळतं. बाकीचं हरवतं. ज्याला ते परवडत नाही त्याने कॅम्पसच निवडावा, आणि निवडताना तिथला स्टुडिओ संध्याकाळी सातनंतर उघडा असतो का, हे विचारून घ्यावं.

अलीकडेच एका ऑनलाइन ज्युरीत मी परीक्षक होते. एका मुलीने छोट्या कॅफेचं काम मांडलं. रेंडर देखणे होते. प्लॅनमध्ये टेबलांच्या दोन रांगा, खुर्च्या पाठीला पाठ लावून, आणि समोरासमोरच्या टेबलांच्या कडांमध्ये १,२०० मिलिमीटर. मी विचारलं, "दोन्हीकडे माणसं बसली की ट्रे घेऊन मधून कोण जाणार?" ती म्हणाली, "मॅम, व्ह्यूमध्ये भरपूर जागा दिसतेय." दिसणारच, कॅमेरा वाइड अँगल होता. मी म्हटलं, "फरशीवर मास्किंग टेप लावून हे मापात आख. दोन खुर्च्या ठेव, माणसं बसव, ट्रे घेऊन चाल आणि व्हिडिओ पाठव." १९२६मध्ये वास्तुकार मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफर्ट किचन आखलं ते हालचाली आणि मिनिटं मोजण्याच्या याच रीतीवर. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं ते स्वयंपाकघर हजारो घरांत बसलं.

आठवड्याने व्हिडिओ आला, चार मिनिटांचा. फरशीवर टेपच्या चौकटी. एका खुर्चीवर तिचे बाबा वर्तमानपत्र वाचत बसलेले, दुसरीवर भाऊ. ती ट्रे घेऊन येते आणि मध्येच थबकते. अंग तिरकं करून निघायला बघते, ट्रेची कड वर्तमानपत्राला लागते. परत मागे जाते, या वेळी ट्रे डोक्यावर धरून. ग्लास हलतो.

"बाबा, थोडे पुढे सरकून बसा ना."

"मी असाच बसतो," बाबा वर न बघता म्हणतात.

ती ट्रे खाली ठेवते, गुडघ्यांवर बसते आणि टेप नखाने उचकटायला लागते.